सव्वादोन किलोंचं काय करायचं?

मोठ्या हौसेने घेतलेली, हप्ते फेडून सोडवलेली टेलीफोटो लेन्स. आता कपाटावर पडून आहे. विकायचं म्हटलं तर जीव होत नाही, ठेवायचं म्हटलं तर मान दुखते. तुमच्याही घरात असं एखादं 'प्रकरण' आहे? मग हा हिशेब वाचाच!

फिजिओथेरपिस्टबाईंनी विचारलं, "रोज खांद्यावर किती वजन असतं?"

"लॅपटॉप, डबा, पाण्याची बाटली. तीन-साडेतीन किलो असेल."

"आणि सुट्टीच्या दिवशी?"

इथे मी जरा चाचरले. कारण सुट्टीच्या दिवशी मी पक्षी बघायला बाहेर पडले, तर अंगावर जे असतं त्याचं वजन मला ग्रॅममध्ये पाठ आहे. लेन्स २,३०० ग्रॅम. कॅमेरा बॅटरीसकट ७६५ ग्रॅम. म्हणजे ३ किलो ६५ ग्रॅम. आणि हे सगळं एका पट्ट्याला, गळ्यात लटकलेलं.

बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "हे तर बाळाएवढं झालं! बाळाला कोणी दिवसभर गळ्यात लटकावून फिरवतं का?"

आठवडाभर लॅपटॉपमध्ये मान घालून बसायचं आणि शनिवारी त्याच मानेला तीन किलोंचं लोढणं बांधायचं, हे चालणार नाही असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. मी घरी आले, स्टूल घेतलं, कपाटावरची बॅग खाली काढली आणि स्वतःला तो प्रश्न विचारला, जो मी दोन वर्षं टाळत होते. ही लेन्स ठेवायची की विकायची?

ऑफिसच्या कँटीनमध्ये विषय काढला तर लगेच दोन पार्ट्या पडल्या. एक पार्टी म्हणे, "फोनमध्ये हल्ली सगळं येतं, काढून टाक ती तोफ." दुसरी म्हणे, "वेडी आहेस का? एकदा विकलीस की परत घेणं होत नाही." दोन्ही पार्ट्यांमधल्या एकानेही आयुष्यात टेलीफोटो लेन्स उचललेली नव्हती, ही गोष्ट वेगळी!

बोनस, ईएमआय आणि भिगवण

पहिल्यांदा ही लेन्स हातात आली ती भाड्याने. आमचा तिघांचा ग्रुप होता. शुक्रवारी रात्री ऑफिस सुटलं की कोणाच्या तरी गाडीने निघायचं, पहाटे भिगवण गाठायचं. पुणे-सोलापूर रस्त्यावर उजनी धरणाचं बॅकवॉटर आहे ना, तेच. कुंभारगावात मच्छीमारांच्या होड्या मिळतात. थंडीत तोंडातून वाफ निघत असते, पाण्यावर धुकं असतं आणि त्या धुक्यातून आधी नुसता आवाज येतो, मग गुलाबी रेषा दिसायला लागते. रोहित पक्षी! दुपारी गावातल्या घरी चिलापीची थाळी हाणायची आणि झोपेत पेंगत मुंबईला परतायचं.

त्या वेळी माझ्याकडे होती ती ३०० मिलिमीटरपर्यंतची साधी झूम. तिच्यात चक्रवाक म्हणजे केशरी ठिपका, आणि आकाशात ऑस्प्रे म्हणजे धुळीचा कण. मित्राने भाड्याने आणलेली २००-५०० लावून पाहिली आणि ऑस्प्रेचा पिवळा डोळा दिसला. झालं, खेळ खलास!

२०१७ मध्ये बोनस हातात पडला. निकॉनची २००-५०० मिलिमीटर, एफ ५.६. किंमत लाखाच्या घरात. बोनस कमी पडला, उरलेल्याचे बारा हप्ते केले. आईला खरी किंमत सांगितली नाही. तिने बॉक्स उचलून पाहिला आणि म्हणाली, "अगं, काचा आहेत की वरवंटा?" तेव्हापासून घरात लेन्सचं नाव 'तोफ'.

आता त्या ग्रुपमधला एक जण कॅनडात आहे. दुसरीला दीड वर्षाचं बाळ आहे आणि तिचे शनिवार लसीकरणाच्या तक्त्यावर चालतात. माझं म्हणाल तर प्रमोशन झालं, टीम वाढली आणि शनिवारी सकाळी कॉल्स सुरू झाले. तोफ कपाटावर गेली. खरं सांगायचं तर तिला विकणं मला जड जात होतं ते पैशांमुळे नाही. विकली की ते शनिवार संपले, यावर आपणच सही केल्यासारखं होणार होतं.

एवढं वजन येतं कुठून?

निर्णय घ्यायचा तर आधी शत्रू समजून घ्यावा. लेन्स एवढी जड का असते? यामागचा फंडा सोपा आहे, शाळेतल्या भागाकाराएवढा.

लेन्सवर दोन आकडे लिहिलेले असतात. फोकल लेंग्थ आणि एफ-नंबर. पहिल्याला दुसऱ्याने भागा. ५०० भागिले ५.६, उत्तर ८९. म्हणजे उजेड आत यायला साधारण ८९ मिलिमीटर रुंदीचं दार लागणारच. तेवढं रुंद दार हवं तर काच तेवढी मोठी, काच मोठी तर ती पेलणारी नळी मोठी. माझ्या लेन्सला पुढे ९५ मिलिमीटरचा फिल्टर लागतो, म्हणजे आमटीच्या वाटीएवढा. आणि आत एक-दोन नाही, १९ काचा!

क्रिकेटच्या सीमारेषेबाहेर फोटोग्राफर ज्या पांढऱ्या तोफा घेऊन बसतात, त्यातली एक नेहमीची म्हणजे ४०० मिलिमीटर, एफ २.८. भागाकार करा, १४३ मिलिमीटर येतं. कॅननची १९९९ सालची ही लेन्स ५ किलो ३७० ग्रॅमची होती. २०१८ मध्ये तिचा नवा अवतार आला तो २ किलो ८४० ग्रॅमचा. काचांची रचना बदलली, जड काचा पुढून मागे सरकवल्या, आणि वजन जवळपास निम्मं झालं. पण या लेन्सची किंमत आपण विचारायचीही नाही. त्या पैशांत चांगली गाडी येते.

आणि 'फोनमध्ये सगळं येतं'चं काय? चांगल्या फोनमधला पाचपट झूम म्हणजे कॅमेऱ्याच्या भाषेत साधारण ११० ते १२० मिलिमीटर. माझा कॅमेरा छोट्या सेन्सरचा, त्यामुळे त्यावर ५०० ची लेन्स ७५० सारखी दिसते. फोनमध्ये त्यापुढे जे वाढतं ते बहुतेक कातरकाम आणि सॉफ्टवेअरची करामत असते. ताजमहालाच्या फोटोला ते चालतं. पक्ष्याच्या पिसांना नाही. तेव्हा कँटीनमधली पहिली पार्टी बाद!

फोटोंनीच दिला हिशेब

आपण एखादी वस्तू किती वापरतो याबद्दल आपलं मन सर्रास खोटं बोलतं. ट्रेडमिल घेतलेल्या कोणालाही विचारा. पण कॅमेरा खोटं बोलत नाही. प्रत्येक डिजिटल फोटोच्या पोटात तारीख, वेळ, कोणती लेन्स, किती मिलिमीटर, सगळं नोंदवलेलं असतं. एका रविवारी मी चहाचा कप घेऊन बसले आणि सगळे फोल्डर चाळले.

पहिल्या दोन वर्षांत लेन्स ४३ दिवस बाहेर पडली होती. मधल्या वर्षांत, लॉकडाऊन धरून, २१ दिवस. आणि गेल्या दोन वर्षांत? ४ दिवस. एकूण ६८. लेन्सला साधारण ९५ हजार पडले होते. भागा ६८ ने. दिवसाला सुमारे १,४०० रुपये. वाईट नाही हो! मल्टिप्लेक्समध्ये दोघांनी सिनेमा, पॉपकॉर्न आणि येण्याजाण्याची कॅब केली तर कितीला पडतं?

म्हणजे जे झालं ते वसूल झालं. पण प्रश्न मागचा नव्हता, पुढचा होता. वर्षाला दोन दिवस वापरायची लेन्स घरात कशाला हवी? मुंबई-पुण्यात लेन्स भाड्याने मिळतात. ओळखपत्र आणि डिपॉझिट दिलं की शुक्रवारी घ्यायची, सोमवारी परत करायची. वर्षातून दोनदा ताडोबा-भिगवण करणाऱ्याने स्वतःची तोफ बाळगू नये, हे गणित अगदी सरळ आहे.

आणखी एक गंमत त्या फोल्डरमध्ये सापडली. दहातले आठ फोटो ५०० वरच काढलेले. म्हणजे २०० ते ५०० अशी झूम घेऊन मी तिचं शेवटचं टोकच वापरत होते.

बदलून हलकी घेतली तर?

पुढचा विचार स्वाभाविक होता. ही विकू, थोडी भर घालू आणि हलकी घेऊ. हल्ली जमाना मिररलेसचा. कॅमेरे छोटे झाले, म्हणजे लेन्सही हलक्या झाल्या असतील, असं मला वाटत होतं. आकडे काढले आणि हसायलाच आलं.

निकॉनने मिररलेससाठी २०२३ मध्ये १८०-६०० मिलिमीटरची झूम आणली. वजन ट्रायपॉड कॉलरसकट २,१४० ग्रॅम. माझी २,३०० ग्रॅम. म्हणजे एवढा खटाटोप करून मान वाचणार किती? १६० ग्रॅमने! मधल्या सुट्टीतल्या वडापावएवढं.

खरंच हलक्या लेन्स आहेत, पण त्या कशा हलक्या झाल्या ते बघा. कॅननची २०२० मधली १००-५०० मिलिमीटर, कॉलर न धरता १,३७० ग्रॅम. पण टोकाला ती एफ ७.१ होते. ५०० भागिले ७.१, म्हणजे सुमारे ७० मिलिमीटरचं दार. उजेड कमी. कॅननचीच ८०० मिलिमीटर, एफ ११, फक्त १,२६० ग्रॅम. दार ७३ मिलिमीटर. भर उन्हात झक्कास, पण पहाटे झाडीत शिरलात की अडचण. वजन उतरतं ते उजेडाच्या बदल्यात.

किंवा मग पैशांच्या बदल्यात. निकॉनची २०१८ मधली ५०० मिलिमीटर 'पीएफ' तेवढाच उजेड घेते, एफ ५.६, आणि वजन १,४६० ग्रॅम. तिच्यात खास घडणीची काच वापरली आहे, त्यामुळे नळी आखूड आणि हलकी होते. फक्त ती आली तेव्हा तिची अमेरिकेतली किंमत ३,६०० डॉलर होती, आणि माझी लेन्स २०१५ मध्ये आली होती १,४०० डॉलरला. अडीच पटीहून जास्त. मान सुटेल, पण पुन्हा ईएमआय गळ्यात पडेल.

म्हणजे 'विकून हलकी घेऊ' हा आपल्याला दिलासा देणारा विचार होता, निर्णय नव्हता.

ठेवणं फुकट नसतं

मग न विकता तशीच ठेवावी का? कपाटावर काय, खाणं मागत नाही. इथेच बहुतेक जण फसतात. मीही फसले होते.

एका पावसाळ्यानंतर बॅग उघडली तर पुढच्या काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखी बारीक नक्षी. पोटात गोळा आला. बुरशी! मुंबई-ठाणे-कोकणात राहणाऱ्या प्रत्येक कॅमेरावाल्याचं हे दुःस्वप्न. हवेत बुरशीचे बीजाणू कायमच असतात. दमट हवा, अंधार आणि कोंडलेली जागा मिळाली की ते काचेवर जाळं विणतात. वेळेत साफ केली नाही तर त्यांच्यातून सुटणारं आम्ल काचेवरचा लेप खातं, आणि मग ते डाग कायमचे. फोम भरलेली छान, महागडी बॅग तर ओल धरून ठेवण्यात पटाईत. आणि आपण नेमकी तिच्यातच लेन्स 'जपून' ठेवतो.

माझं नशीब थोर. बुरशी होती ती पुढे लावलेल्या संरक्षक फिल्टरवर. फिल्टर फेकला, लेन्स वाचली. पण डोक्यात प्रकाश पडला. मुंबईत लेन्स 'नुसती ठेवणं' असा पर्यायच नाही. कपाटावर ठेवलेली लेन्स म्हणजे तिला हळूहळू मारणं. वापरा तरी किंवा जो वापरेल त्याला द्या. तिसरं काही नाही.

हे कळलं आणि मी जाहिरात टाकली. आजूबाजूला विचारून भाव काढला होता. नव्याच्या जवळपास निम्मी किंमत येत होती. दोन दिवसांत पाच फोन आले. त्यातला एक डोंबिवलीचा मुलगा, बँकेच्या बॅक ऑफिसमध्ये कामाला, त्याने घासाघीस न करता विचारलं, "रविवारी सकाळी बघायला येऊ का?"

गिऱ्हाईक आलं

मुलगा तयारीनिशी आला होता. त्याने खिशातून छोटी टॉर्च काढली, लेन्सच्या एका बाजूने उजेड मारून दुसऱ्या बाजूने आत पाहिलं. झूमची रिंग चार वेळा फिरवली. मूळ बिल पाहिलं, लेन्सवरचा नंबर बिलाशी जुळवला. मला तो आवडलाच. मग म्हणाला, "मॅडम, कॅमेरा आणलाय. गॅलरीतून ट्राय करू का?"

आमची गॅलरी तिसऱ्या मजल्यावर. समोर सोसायटीचा गुलमोहर, त्याची एक फांदी वाळलेली. सोसायटीच्या मीटिंगमध्ये ती तोडायचा ठराव दर वर्षी येतो आणि दर वर्षी बारगळतो. मुलाने लेन्स त्या फांदीकडे वळवली आणि बोलायचाच थांबला. मिनिटभर नुसता शटरचा आवाज.

"मॅडम, हे तांबटाचं घरटं आहे ना?"

मी कॅमेऱ्यात डोकावले. वाळक्या फांदीला खालच्या बाजूने एक गोल, नाण्याएवढं छिद्र. छिद्राला बिलगून एक हिरवा पक्षी. कपाळावर लालभडक टिळा, गळा पिवळा. चोचीने टकटक करत तो भुसा बाहेर उडवत होता. चिमणीपेक्षा जेमतेम मोठा पक्षी, पण ४० फुटांवरून त्याने फ्रेमचा तिसरा हिस्सा व्यापला होता. २०११ मध्ये मुंबईकरांनी मतं देऊन शहराचा पक्षी म्हणून निवडला तोच हा. त्याला बघायला मी एकदा पहाटे पाचला उठून कर्नाळ्याला गेले होते.

मागून आईचा आवाज आला. "तो होय? तो तर महाशिवरात्रीपासून ठोकतोय. दुपारभर टुकटुक टुकटुक. तू ऑफिसात असतेस, तुला कसं कळणार?"

मला काय वाटलं ते नीट सांगता येणार नाही. इतकी वर्षं मी धरून चालले होते, की तोफ बाहेर काढायची तर भिगवण हवं, ग्रुप हवा, दोन दिवस हवेत. ते जमत नव्हतं म्हणून तोफ कपाटावर. आणि इथे माझी आई रोज दुपारी चहा पिताना जे बघत होती, ते मी गॅलरीत उभी राहूनही कधी पाहिलं नव्हतं. आणि हो, गॅलरीत ट्रायपॉडवर ठेवलेल्या लेन्सचं वजन किती? शून्य. म्हणजे ट्रायपॉडला असेल, माझ्या मानेला नाही!

मी त्या मुलाला सांगितलं, "सॉरी. मला वाटतं, मी विकत नाहीये."

तो गप्प झाला. मग कॅमेरा बॅगेत भरता भरता म्हणाला, "ताई, आधी ठरवून मग जाहिरात द्यायची ना. मी सुट्टीचा दिवस घालवून आलोय. पैसेसुद्धा तयार ठेवले होते."

एकदम खरं बोलला. 'मॅडम'ची 'ताई' झाले होते आणि ओरडाही खाल्ला होता. मी माफी मागितली. आईने आग्रह करून पोहे खायला घातले, पण चूक ती चूक. एखादी वस्तू आपल्याला नको आहे की तिच्याकडे बघवत नाही, एवढं तरी जाहिरातीआधी स्वतःला विचारायला हवं होतं. नशिबाने महिन्याभरात त्याला तीच लेन्स दुसरीकडे मिळाली. त्याने पहिला मेसेज मला केला, "तांबटाची पिल्लं आली का?"

मग ठरलं काय?

ठरलं ते असं. लेन्स ठेवायची, पण अटींवर. स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर, जिथे दूध आणि गॅसची नोंद असते, तिथेच लेन्स वापरलेल्या दिवशी एक फुली. गॅलरीतली सकाळही चालेल. वर्षाला बारा फुल्या झाल्या तर ती राहील. नाही झाल्या तर पुढच्या वर्षी जाईल, आणि या वेळी आधी ठरवून.

चालत फिरायचं असेल तर तोफ न्यायची नाही. त्यासाठी दुर्बीण घेतली, ८ बाय ४२ ची, पाऊण किलोच्या आत. गंमत म्हणजे दुर्बिणीतून पक्षी जास्त दिसतात. कॅमेरा असला की आपण फोटो बघतो, दुर्बीण असली की पक्षी. तोफ फक्त गाडीने किंवा होडीने जायचं असेल तेव्हाच. तेही मोनोपॉडवर, आणि खांद्यावर एका पट्ट्याऐवजी दोन्ही खांद्यांवर वजन वाटणारा हार्नेस. फिजिओथेरपिस्टबाईंनी याला पासिंग मार्क दिले.

ग्रुपचे शनिवार परत आले का? नाही. कॅनडावाला कॅनडात आहे, बाळ अजून रात्री तीनला उठतं. काही गोष्टी संपतात आणि लेन्स ठेवली म्हणून त्या परत येत नाहीत, हे मी आता मान्य केलंय. लेन्स ठेवली ती त्या शनिवारांसाठी नाही, समोरच्या गुलमोहरासाठी.

दीड महिना आम्ही ते घरटं पाहिलं. नर-मादी आळीपाळीने आत जायचे, चोचीत उंबराची फळं आणायचे. मी ऑफिसला जाताना ट्रायपॉड सावलीत लावून, कॅमेऱ्याचा पडदा चालू कसा करायचा ते आईला दाखवून जायचे. मग एका बुधवारी दुपारी साडेतीनला, क्लायंट कॉलच्या मधोमध, फोन वाजला. आई कधीच ऑफिसात फोन करत नाही. मी धडधडत बाहेर आले.

"अगं, डोकं काढलंय बाहेर! मी बटण दाबलं. आलाय का बघ घरी येऊन."

आला होता. थोडा तिरका, एका कोपऱ्यात कपड्यांची दोरी. पण मधोमध गोल छिद्रातून बाहेर बघणारं ते पिल्लू अगदी स्पष्ट. कालनिर्णयवर त्या दिवशीची फुली आईने स्वतः मारली.

ठेवू की विकू? आधी एवढं करा

• फोटोंच्या फोल्डरमधून गेल्या दोन वर्षांचे लेन्स वापरलेले दिवस मोजा. अंदाज नको, मोजणी हवी.

• वर्षाला दोन-तीनदाच लागते? विका आणि लागेल तेव्हा भाड्याने घ्या.

• 'विकून हलकी घेईन' म्हणण्याआधी दोन्हींचं वजन ग्रॅममध्ये लिहा, ट्रायपॉड कॉलरसकट.

• त्रास वजनाचा असेल तर आधी मोनोपॉड, हार्नेस आणि गाडीच्या खिडकीवर ठेवायला तांदूळ किंवा राजमा भरलेली पिशवी वापरून बघा.

• ठेवायची असेल तर बॅगेत नाही. हवाबंद डब्यात सिलिका जेल टाकून, किंवा ड्राय कॅबिनेटमध्ये. आर्द्रता ४० ते ५० टक्के असावी. रंग बदललेली सिलिका जेल बदला. तांदळात लेन्स पुरू नका, पीठ आत जातं.

• गॅलरीत लावून ठेवलीत तर उन्हाकडे तोंड करून उघडी सोडू नका. ही मोठी काच म्हणजे भिंगच, आत जाळेल.

• घरट्याचे फोटो काढा, पण लांबूनच. फ्लॅश नाही, फांद्या छाटणं नाही, आणि घरट्याचा पत्ता कोणाला सांगणं तर अजिबात नाही.

• विकायची ठरली तर बिल, बॉक्स, हूड, कॉलर शोधून ठेवा. टॉर्चने आतल्या काचा तपासा, आणि काही दोष असेल तर तो आधीच सांगा.

• आणि सर्वांत महत्त्वाचं. आधी ठरवा, मग जाहिरात द्या. डोंबिवलीहून कोणीतरी रविवारची झोप मोडून येतं!